अनुभव धागा: जुना सेव्ह, नवा भाग

व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागात घडवलेलं पात्र, जुनी सेव्ह (म्हणजे खेळाची साठवलेली फाइल) वापरून, पुढच्या भागात नेलंय का कधी? काय काय सोबत आलं, काय वाटेत गळलं, ते इथे लिहा. ग्राफिक्स कार्डांवरची भांडणं कृपया दुसरीकडे.

सुरुवात मीच करते. मास इफेक्ट या अंतराळातल्या खेळाचे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली आले आणि तिन्हींत आपलं पात्र, कमांडर शेपर्ड, एकच. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर रेक्स, म्हणजे आपलाच सोबती, आपल्यावर बंदूक रोखतो. समजूत पटली तर वाचतो, नाहीतर तिथेच संपतो. माझा वाचला होता. दुसरा भाग हातात आला तोवर घरचा कॉम्प्युटर बदललेला. भाऊ म्हणाला, सेव्ह कशाला हवाय, नव्याने सुरू कर. पण जुना सेव्ह दिला नाही, तर दुसरा भाग परस्पर ठरवून टाकतो की रेक्स मेला! आकाशगंगेचा कारभार बघणारं कौन्सिलसुद्धा मेलं! मी कसली ऐकते. माळ्यावरची हार्ड डिस्क जोडून घेतली आणि डॉक्युमेंट्समधलं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवलं. टुचांकावर, म्हणजे रेक्सच्या ग्रहावर, पोचले तर रेक्स टोळीचा म्होरक्या होऊन बसलेला, मला बघताच उठून पुढे आला. भावाच्या खेळात त्याच जागी रीव्ह. रेक्सचाच भाऊबंद, पण नुसता आगाऊ. आमच्या दोघांच्या आकाशगंगा तेव्हापासून वेगळ्या, आणि 'तुझ्याकडे काय झालं?' हा जेवणाच्या टेबलावरचा कायमचा विषय.
– सांजवेळ

रेक्सला मरू देणाऱ्यांशी आपलं बोलणं नाही.
– खडूस_काका

आमची पिढीही हजर आहे बरं का. अमेरिकेत शिकत असताना रूममेटच्या कॉम्प्युटरवर क्वेस्ट फॉर ग्लोरी खेळायचो. १९८९ सालचा पहिला भाग, सुरुवातीला नाव हिरोज क्वेस्ट. योद्धा, जादूगार किंवा चोर व्हायचं. भाग संपला की हिरो फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या भागाला ती फ्लॉपी खिलवायची. यातली खरी मजा अशी की कौशल्यं वापरूनच वाढायची. झाडावर चढायला शिकायचं तर पडत-धडपडत चढतच राहायचं. त्यामुळे फाइलमधला एकेक आकडा घाम गाळून कमावलेला असायचा. दुसऱ्या भागात सचोटीने वागलं तर शेवटी पॅलाडिन, म्हणजे धर्मवीर योद्धा, होता येतं आणि तो मान घेऊन १९९२ च्या तिसऱ्या भागात जाता येतं. पाचवा भाग १९९८ साली आला, तेव्हा मी नोकरी-संसाराला लागलो होतो. तरी फ्लॉपी जपून ठेवली होती.
– जुनाजाणता

कौशल्यं, मान वगैरे ठीक. मी पायजमा नेला.
बाल्डर्स गेटमध्ये (१९९८) फ्रेंडली आर्म इनमध्ये एक उमराव आपल्याला नोकर समजून सोनेरी पॅंटलून धुवायला देतो. उपयोग शून्य. पण जपून ठेवायची. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आपण कैदेत असतो, जमवलेली भारी शस्त्रं बहुतेक सगळी गेलेली, आणि ही पॅंटलून मात्र सोबत येते! मग दुसऱ्या भागात चांदीची शोधा, त्याच्या थ्रोन ऑफ भाल या पुरवणीत (२००१) ब्रॉंझची शोधा, आणि तिन्ही मिळून एक अचाट चिलखत तयार होतं. तीन वर्षं कुणीतरी हा विनोद सांभाळून ठेवला, मला तर याचंच कौतुक.
– भटक्या_विमुक्त

थोडा विरोधी सूर. फाइलींची एवढी यातायात हवीच कशाला? विचर ३ (२०१५) मध्ये जुना सेव्ह नसला तरी सुरुवातीला मागच्या भागातले निर्णय तोंडी सांगायचा पर्याय निवडता येतो. मग राजवाड्यात गेराल्टची, म्हणजे आपल्या नायकाची, दाढी चालू असताना एक सरदार गप्पा मारल्यासारखा विचारत जातो, मागच्या भागातल्या लेथोचं काय केलंस, अमक्याचं काय झालं. जे सांगाल ते खरं. लेथो जिवंत आहे म्हणालात तर पुढे भेटतो.
– निवांत

@निवांत, खोटं बोलायची सोय झाली की ही!
– सांजवेळ

माझा स्वॅम्पर्ट हा पोकेमॉन रुबी या खेळातला. मामाने दुबईहून आणलेल्या गेमबॉय ॲडव्हान्सवर आतेभावाने खेळ सुरू केला, कंटाळला, मला देऊन टाकला. पुढे ते कार्ट्रिज निन्टेन्डो डीएसच्या (पुढच्या हातातल्या यंत्राच्या) खालच्या खाचेत घालून, खेळातल्या पाल पार्क या जागेमार्गे पोकेमॉन डायमंडमध्ये नेला. एका वेळी सहाच पोकेमॉन जातात आणि गेलेला परत येत नाही, त्यामुळे कोणाला न्यायचं यावर खूप खल झाला. तिथून पुढच्या पोकेमॉन ब्लॅकमध्ये जायला दोन डीएस लागतात, दुसरा मैत्रिणीचा. मग थ्रीडीएस या पुढच्या यंत्रावरची पोकेमॉन बॅंक, मग पोकेमॉन होम, ही पोकेमॉन साठवायची ॲप्स. एवढ्या प्रवासात मूळ मालकाचं नाव काही बदलत नाही, त्यामुळे अजूनही तिथे 'बंडू' दिसतं. बंडू, म्हणजे तो आतेभाऊ, सध्या एका (खऱ्या) बॅंकेत मॅनेजर आहे आणि स्वॅम्पर्ट परत मागतोय.
– चिंचबोर

बंडूला देऊ नका! बाकी, माझे ब्लॅकमध्येच अडकलेत. आता नेता येतील का?
– ढापण्या

थ्रीडीएसवर बॅंक आधीच घेतलेली आहे का? मार्च २०२३ मध्ये तिथलं ऑनलाइन दुकान बंद झालं, त्यामुळे नव्याने घेता येत नाही. पूर्वी घेतली असेल तर पुन्हा उतरवता येते, आणि आता तिचे पैसेही पडत नाहीत. नसेल तर असा थ्रीडीएस असलेला कुणी ओळखीचा गाठा. शुभस्य शीघ्रम्, हे कायम चालू राहील असं नाही.
– चिंचबोर