सभासद ग्रुप (फक्त मालक) : सी-५०३ चा विषय

मंगळवार १६, रात्री ९.१२

अनघा बी-२०१: सेक्रेटरी साहेब, फोनवर दोनदा बोलून झालं, म्हणून आता इथे लिहितेय. माझ्या सी-५०३ मधल्या भाडेकरू मुलीच्या मागे लागलेला तो माणूस आज परत गेटवर आला होता. आपल्या वॉचमनने त्याला सांगितलं, "मॅडम पावणेआठला येतात." शिवाय बसायला खुर्ची दिली.

मोहनकाका सेक्रेटरी: नमस्कार वहिनी. मुलगा नवीन आहे. समज देतो 🙏

निखिल सी-४०१: काका, समज नंतर द्या. २ तारखेचं फूटेज आधी काढून ठेवा. त्या दिवशी तो पाचव्या मजल्यावर अर्धा तास उभा होता. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) चौदा-पंधरा दिवसांनी जुनं पुसतो.

देशमुख ए-१०४: भाडेकरूंचे वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत असं ठरलं होतं. बॅचलर ठेवू नका हे मी वार्षिक सभेत बोललो होतो, तेव्हा कोणी ऐकलं नाही.

अनघा बी-२०१: काका, तुमच्या गाडीचा ओरखडा तीन आठवडे याच ग्रुपवर होता. तो सार्वजनिक होता वाटतं.

दिनेश बी-१०३: ओरखड्याचं शेवटी काय झालं? 😄

देशमुख ए-१०४: ए-३०३ ला विचारा.

ए-३०३: पुन्हा सुरू करू नका, हात जोडते.

वैद्यकाकू ए-२०३: मुलीला पर्समध्ये मिरचीपूड ठेवायला सांगा. शुभ रात्री 🌸

निखिल सी-४०१: २ तारखेचं फूटेज.

बुधवार १७, सकाळी ७.५०

ॲड. शुभदा बी-३०२: काल कोर्टातून उशिरा आले, आत्ता वाचलं. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा दंड संहितेचं कलम ३५४-ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. "मला संपर्क नको" हे तिने त्याला एकदाच, स्पष्ट आणि लेखी कळवावं. त्यानंतर उत्तर द्यायचं नाही, शिवीसुद्धा नाही. चिडून लिहिलेलं त्याला उत्तरच वाटतं. मेसेज, मिस्ड कॉल काही पुसू नये, तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवावेत. हिंजवडीच्या ऑफिसपासून मागे येतो म्हणून हद्दीचं कारण कोणी सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, ती हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवतात. समोर दिसला तर थेट ११२.

देशमुख ए-१०४: एवढा कायदा आहे तर पोलीस बघून घेतील. सोसायटीचा काय संबंध?

ॲड. शुभदा बी-३०२: पहिल्यांदा हा गुन्हा जामीनपात्र आहे, काका. शिक्षा ३ वर्षांपर्यंत असली तरी तो त्याच संध्याकाळी परत आपल्या गेटवर उभा राहू शकतो. पुन्हा दोषी ठरला तर ५ वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. तोवर मधे फक्त आपलं गेट आहे.

अनघा बी-२०१: गेटबद्दलच सांगते. रजिस्टरच्या पानांचे फोटो टाकलेत, बघा. २ तारीख, काम: कुरिअर. ९ तारीख, काम: भाऊ. काल १६, काम: गॅस. नावं तीन, पण अक्षर एकच. प्रत्येक 'ग'ची शेपटी खालच्या ओळीत शिरलीय.

दिनेश बी-१०३: तिन्ही मंगळवार. उपास दिसतोय त्याचा.

अनघा बी-२०१: दिनेश, प्लीज.

दिनेश बी-१०३: सॉरी ताई.

वैद्यकाकू ए-२०३: पण तिचा नंबर त्याला मिळाला कुठून?

निखिल सी-४०१: केबिनच्या काचेवर सगळ्या फ्लॅटची यादी चिकटवलेली आहे, नाव आणि मोबाइलसकट. शिवाय टेबलावर पार्सलांचा ढीग, लेबल वरच्या बाजूला. आणि काका, फूटेज?

मोहनकाका सेक्रेटरी: यादी कोविडमध्ये सर्वांच्या सोयीसाठी लावली होती. मानधन न घेता काम करतो, एवढं लक्षात असू द्यावं. डीव्हीआरचा पासवर्ड जुन्या खजिनदारांकडे आहे, ते गावी गेलेत.

वैद्यकाकू ए-२०३: अगबाई, माझाही नंबर आहे का त्यावर?

निखिल सी-४०१: सगळ्यांचे आहेत, काकू.

देशमुख ए-१०४: माझा आत्ताच्या आत्ता काढा.

अनघा बी-२०१: तिला या ग्रुपवर घेता येईल का? तिच्याबद्दल चाललंय आणि तीच नाही.

मोहनकाका सेक्रेटरी: नियमाप्रमाणे फक्त मालक.

शुक्रवार १९, संध्याकाळी ६.३०

मोहनकाका सेक्रेटरी: यादी काढली आहे. पार्सल आता केबिनच्या कपाटात. कोणाच्या येण्याजाण्याची वेळ सांगायची नाही, आधी इंटरकॉम, असं वॉचमनला लेखी दिलं आहे. उद्या टाकी धुणार, ११ ते २ पाणी नाही.

निखिल सी-४०१: डीव्हीआर उघडला. सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग ५ तारखेचं आहे.

अनघा बी-२०१: म्हणजे पाचवा मजला गेला.

निखिल सी-४०१: हो. ९ आणि १६ चं गेटवरचं मिळालं, पेन ड्राइव्हवर घेतलंय.

ॲड. शुभदा बी-३०२: डीव्हीआरला आता हात लावू नका. पेन ड्राइव्हवरचं फूटेज पुरावा म्हणून चालायला सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. मी मसुदा देते, मोहनकाकांनी सही करायची. उद्या साडेदहाला मी, अनघा आणि ती ठाण्यात जातोय. रजिस्टर सोबत नेणार.

मोहनकाका सेक्रेटरी: रजिस्टर नेलं तर नोंदी कशात करायच्या?

देशमुख ए-१०४: वहीचे पैसे मी देतो. आणि सकाळी रिक्षा मिळत नाही, माझी गाडी घेऊन जा. डाव्या बाजूचा ओरखडा आधीपासून आहे, नोंद असावी.