मुंबई-न्यूयॉर्क विमान नक्की किती तास? (तातडीचं)

कोथरूडकर
आईचं न्यूयॉर्कचं तिकीट काढलंय. अंतर साधारण १२,५०० किमी, ताशी ९०० ने भागलं तर चौदा तास येतात. तिकिटावर मात्र रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोचतं! सहा तासांत? एजंट म्हणतो, "डायरेक्ट आहे सर", बास. आज रात्रीपर्यंत उत्तर हवंय.

खडूस
तारीख?

कोथरूडकर
तारखेचा काय संबंध? अंतर तेच राहणार ना!

खडूस
आहे संबंध. दोन्ही वेळा स्थानिक असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे. तेव्हा आपण साडेनऊ तास पुढे असतो, एरवी साडेदहा.

कोथरूडकर
२० सप्टेंबर.

खडूस
मग सहा अधिक साडेनऊ. साडेपंधरा तास.

नाना_डोंबिवली
काहीतरीच. मी दोनदा आलोय, चौदा तासच लागतात.

खडूस
नाना, "आलोय" म्हणजे तिकडून इकडे. येताना वारा पाठीशी असतो.

नाना_डोंबिवली
वारा? विमान आहे की होडी?

भूगोलवेडी
नाना, वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जाताना तेच तोंडावर येतात. शिवाय १२,५०० किमी हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर. पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. पाकिस्तान, कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलंड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी जातो. मी मुलाला भिंतीवरच्या नकाशावर हे समजावत होते, त्याचा विश्वासच बसेना. विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं, तेव्हा तर वळसा आलाच.

सुगरण_काकू
डिंकाचे लाडू द्या बरोबर. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, रांगेत उभं राहावं लागत नाही.

नाना_डोंबिवली
व्हीलचेअर धडधाकट माणसांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुगरण_काकू
नाना, माझे गुडघे तुम्ही बघितलेत का?

कोथरूडकर
लाडू राहू द्या हो! आईला रोज रात्री नऊला इन्सुलिन असतं. विमानात ती वेळ येते का, एवढंच बघायचं होतं.

खडूस
हे पहिल्या ओळीत लिहायचंत ना! १.३० अधिक साडेपंधरा म्हणजे उतरताना आपल्याकडे संध्याकाळचे पाच. निघायच्या आधीचा नऊचा डोस घरी किंवा मुंबई विमानतळावर होईल. पुढचे नऊ वाजतील तेव्हा तिथे सकाळचे साडेअकरा असतील. तिथून वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांना विचारा, इथे नको.

भूगोलवेडी
इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. खाली सामानात गोठलं तर वाया जातं. आणि विमानतळ कोणता, जेएफके की नेवार्क?

कोथरूडकर
न्यूयॉर्क सांगितलं की.

भूगोलवेडी
तिकिटावर तीन अक्षरं कोणती?

कोथरूडकर
ईडब्ल्यूआर.

भूगोलवेडी
ते नेवार्क, न्यू जर्सीत. घ्यायला कोण येणार आहे?

कोथरूडकर
भाऊ. त्याला मी जेएफके सांगितलंय. थांबा, फोन करतो.