गरोदरपणात मैफलीला जाताना जागा मागितलीत का? अनुभव लिहा

डिसेंबरात मला सातवा चालू असेल आणि सवाईला (पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला) जायचं म्हणजे जायचंच आहे. सासूबाई म्हणतात, घरी ऐक की. डॉक्टरांची हरकत नाही. स्पीकरपासून लांब बस, अधूनमधून उठून चाल, पाणी पीत राहा, एवढंच म्हणाल्या. अडचण बसण्याची आहे. नेहमी आम्ही भारतीय बैठकीचं तिकीट काढतो, पण आता एकदा मांडी घातली की मला उठवायला माणूस लागतो. ऐनवेळी खुर्ची मागायची तर कुणाकडे? आणि पोट दाखवून सवलत लाटतेय असं वाटतं त्याचं काय करायचं? ज्यांना मिळाली त्यांनी लिहाच, नकार मिळाला त्यांनी तर नक्की.

पुणे
माझा अनुभव सवाई रमणबागेत व्हायचं तेव्हाचा, म्हणजे २०१८ ला मुकुंदनगरला हललं त्याआधीचा. मी खुर्ची मागितलीच नाही. स्वयंसेवकाला म्हटलं, "दादा, पाठ टेकेल अशी कडेची जागा बघा ना." त्याने मांडवाच्या खांबाशी नेलं. तिथे पेपर अंथरून बसलेले एक आजोबा आधी कुरकुरले, मग स्वतःची उशीच दिली आणि वर प्रत्येक रागाची माहितीही. ती मागितली नव्हती.
बाथरूमचं सांगते. कलाकार बदलताना अख्खा मांडव उठतो, मोठी रांग लागते. मी द्रुत, म्हणजे गाण्याचा शेवटचा जलद भाग, सुरू झालं की निघायचे. नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही.

ठाणे
नाट्यगृहाचं तिकीट ॲपवर काढू नका, खिडकीवर जा. ॲपवर खुर्च्यांचे चौकोन दिसतात, पण दार कुठे, पायऱ्या किती, ते दिसत नाही. खिडकीतल्या माणसाला सगळं तोंडपाठ असतं. "गरोदर आहे, काहीतरी बघा" म्हटलं तर तो गोंधळतो. "खालच्या मजल्यावरची, कडेची, दाराजवळची" म्हटलं की प्लॅनवर पेन्सिल टेकवून दाखवतो.
दिवाळी पहाटेला मात्र काहीतरी खाऊन जा. रिकाम्या पोटी भूपाळी ऐकताना मळमळलं की सूर कुठले!

नवी मुंबई
माझा नकाराचा अनुभव. स्टेडियममधला इंग्रजी बँडचा कार्यक्रम, उभ्याची तिकिटं दिवस राहायच्या आधीच काढलेली. पैसे जास्त घ्या पण बसायची जागा द्या, अशी मेल कंपनीला केली. उत्तर आलं ते ठरावीक छापाचं: तिकीट बदलून मिळणार नाही. फोन लागला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मग येऊ नका ना." गेटवर बाटली काढून घेतली ती वेगळीच. शेवटी तिथल्या एका महिला गार्डने स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची दिली, पण कुंपणामागे. बँड दिसला नाही, ऐकू मात्र भरपूर आला.
आवाजाबद्दल एक. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था गरोदर बायकांना ११५ डेसिबलच्या वरच्या आवाजापासून लांब राहायला सांगते. कानात बोळे घालून आपले कान वाचतात, पोटातल्याचे नाही. त्यामुळे बेसच्या स्पीकरसमोर उभं राहू नका, फुकट जागा मिळाली तरी.

लंडन
अल्बर्ट हॉलला प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात खालच्या रिंगणात उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं असतात. एरवी मी तिथलीच. सहाव्या महिन्यात बसायचं तिकीट काढलं आणि आधीच मेल केली: चढ नको, कडेची खुर्ची हवी. दुसऱ्या दिवशी जागा बदलून आली, पोटाचा पुरावा कुणी मागितला नाही. इथे २०१० च्या समता कायद्यात गर्भारपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण मला वाटतं, जास्त फरक पडतो तो विनंत्या घ्यायला एक ठरलेला माणूस असण्याने. आपल्याकडे तो माणूस शोधण्यातच दम जातो.

नाशिक
मी दुसऱ्या बाजूची. आमच्या छोट्या संगीत मंडळात खुर्च्या मांडणारी. खरं सांगू? पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी अडवलेल्या असतात आणि निम्मे निमंत्रित येत नाहीत. आदल्या दिवशी फोन आला तर आम्ही तिथली कडेची खुर्ची चिठ्ठी लावून ठेवतो, शेजारची सोबतच्या माणसाला. न सांगता आलात तरी अध्यक्षांना गाठू नका, ते फक्त "बघतो" म्हणतात. दाराशी बॅज लावून पाणी वाटणारी बाई असते, तिला सांगा. पहिला राग संपला की ती तुम्हाला पुढे नेऊन बसवेल.