परीक्षणं शिळी होतात, समज नाही

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची परीक्षणं छापून येईपर्यंत शिळी होतात, असं काही जण म्हणतात. आवृत्तीच्या आकड्यापुरतं ते खरंच. पण १९८५ पासून निघणाऱ्या 'साउंड ऑन साउंड' या ध्वनिमुद्रणाच्या मासिकाचे जुने लेख मी अजूनही काढून वाचतो. लेटन्सीचंच, म्हणजे आवाज संगणकातून जाऊन ऐकू येईपर्यंत होणाऱ्या उशिराचंच घ्या. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेतो (४४.१ किलोहर्ट्झ) आणि ते थोडे थोडे साठवून (बफर) पुढे पाठवतो; २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा उशीर, आणि तो आवाज आत जाताना एकदा, बाहेर येताना पुन्हा. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येतो तो यामुळे. १९९६ साली व्हीएसटी (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला प्लगिन जोडण्याची पद्धत) आलं तेव्हाही हेच गणित होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. पाच वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत नीट उघडतो का, हे परीक्षक क्वचितच तपासतात. मला मात्र सगळ्यात आधी तेच हवं असतं.