मदत हवी आहे: योरुबा भाषेसाठी लँग्वेज मॉडेल पोरांना कसं शिकवू?

नमस्कार मंडळी, मी सध्या नायजेरियात लागोसला असते, दर शनिवारी पंधरा-वीस पोरांना जनरेटिव्ह एआय शिकवते, बहुतेक घरी योरुबा (इथली एक मोठी भाषा) बोलणारी आहेत आणि आता त्यांना स्वतःच्या भाषेचंच छोटं लँग्वेज मॉडेल (भरपूर मजकुरावरून भाषा शिकणारा प्रोग्राम) करायचंय, तिथे मी अडकलेय.

पहिली भानगड सुरांच्या खुणांची. योरुबात 'ऑकॉ' म्हणजे नवरा, पण शेवटचा सूर चढवला की कुदळ आणि उतरवला की गाडी (हसू नका, वर्गात हसून झालंय). चॅटवर लोक खुणा टाकतच नाहीत, मग मॉडेलने ओळखायचं कसं? आणि जिथे खुणा आहेत तिथे तेच अक्षर युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांत) दोन-तीन तऱ्हांनी टाइप केलेलं, टोकनायझरला (मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या भागाला) ते वेगळंच वाटतं आणि एकेका शब्दाचे तुकडे तुकडे होतात. नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे सगळी अक्षरं एकाच तऱ्हेची करून घेतली, थोडा फरक पडला.

दुसरं म्हणजे मजकूर. जमवलेल्यात निम्मं बायबल, त्यामुळे भाजीचा भाव विचारला तरी उत्तर प्रवचनासारखं येतं. आफ्रिबर्टा हे आफ्रिकी भाषांचं मॉडेल 11 भाषांवर 1 जीबीपेक्षा कमी मजकुरात शिकवलं होतं हे पोरांना सांगितलं, हुरूप आला, पण ते गाळलेले शब्द भरणारं मॉडेल, गप्पा मारणारं नाही. मसाखाने या आफ्रिकी भाषांवर काम करणाऱ्या गटाचा मसाखानेर हा डेटापण चांगला आहे पण तो मजकुरातली नावं ओळखायला.

तर कोणी कोकणी, गोंडी वगैरेवर असं काम केलंय का? मॉडेल शून्यापासून शिकवू की तयार बहुभाषिक मॉडेल फाइनट्यून करू, म्हणजे त्यालाच योरुबा मजकुरावर थोडं आणखी शिकवू? जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप) गूगलच्या फुकटच्या ऑनलाइन कोलॅबवालाच आहे. आणि खुणा नसलेला मजकूर टाकून देऊ की आधी खुणा भरून घेऊ? प्लीज सांगा, शनिवार जवळ आलाय.