मदत हवी आहे : सावळ्या, घट्टे पडलेल्या हातांवर एंडोकार्डायटिसच्या खुणा कशा ओळखाव्यात?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ऊसतोडीहून परतलेली एक ताई 3 आठवड्यांपासून बारीक तापानं बेजार आहे. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेली. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोकार्डायटिस, झाला असावा, या शंकेनं तिला कालच अंबाजोगाईला पाठवलं. तिथं रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) अन् इको (हृदयाची सोनोग्राफी) होईल. आधी कुणीतरी दोनदा अँटिबायोटिक दिलंय, त्यामुळं संसर्ग असूनही कल्चर निगेटिव्ह येईल याची धास्ती वाटते.

माझा प्रश्न तपासणीचा आहे. बोटांच्या टोकांवरच्या दुखऱ्या गाठी म्हणजे ऑस्लर नोड, अन् तळहात-तळपायांवरचे न दुखणारे लालसर डाग म्हणजे जेनवे लीजन, एवढं पाठ आहे. पण पुस्तकातले फोटो सगळे गोऱ्या कातडीचे! कोयता धरून घट्टे पडलेल्या हातावर हे डाग दिसतात तरी कसे? तिच्या नखांखाली काळपट उभ्या रेघा होत्या. त्या मार लागूनही येतात. नखाच्या मुळाशी असतील तर जास्त संशय घ्यायचा का? पापणीच्या आतले रक्ताचे ठिपके मात्र मला स्पष्ट दिसले.

अजून एक. हृदयाची मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज) नवी की जुनी, हे आधीची नोंदच नसताना कसं ठरवता? या आजारात वाढू शकणारी प्लीहा (पोटात डावीकडे बरगडीखालचा अवयव) हाताला लागली नाही, पण माझ्या हातावर माझा अजून तेवढा भरवसा नाही. अनुभवी डॉक्टर, सिस्टर, कृपया सविस्तर सांगा. गावात असे हृदयाचे आणखी दोन पेशंट आहेत.