बदकं खांद्यावरून न्यायच्या चामडी पट्ट्याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

हस्तकलेवरच्या एका मजकुराचं मराठी करतेय. परदेशात पाणथळीवर बदकांची शिकार करणारे लोक घरच्या घरी चामड्याचा एक साधा पट्टा तयार करतात. तो खांद्यावर टाकायचा. त्याच्या टोकांना चामड्याचेच फास असतात आणि एकेका फासात एकेका पक्ष्याची मान अडकवायची. मी 'शिकार-वाहक' लिहिलंय, पण वाचताना समोर माणूस उभा राहतो. शिवाय त्या फासाला, चामड्याच्या बारीक पट्टीला आणि 'व्हेजिटेबल टॅन्ड'ला काय म्हणावं? कोल्हापूरकडच्या कुणाला कारागिरांचे शब्द ठाऊक असतील तर सांगा.

प्रतिसाद

ताई, 'वाहक' काढाच. एसटीत तिकीट देणाऱ्याच्या खिशावर तो शब्द इतकी वर्षं आहे की आता तो वस्तूला चिकटायचा नाही.

बारीक पट्टीपासून सुरुवात करतो, कारण तिथे मराठीकडे नेमका शब्द तयार आहे : वादी. चामड्याची अरुंद, लांब, दोरीसारखी वापरायची पट्टी म्हणजे वादी. कोल्हापुरी पायतान बघा. अस्सल पायतानात खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. आमच्या सुभाषनगरात, जवाहरनगरात कुठल्याही कारागिरापुढे 'चामड्याची बारीक पट्टी द्या' म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. 'वादी द्या' म्हणालात की हात लगेच रापीकडे, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराकडे जातो. शब्द जुना आहे. अमरकोशात चामड्याच्या दोरीला वर्ध्री आणि वरत्रा म्हटलंय, त्यातल्या वर्ध्रीशी आपल्या वादीचं नातं कानालाच कळतं.

वादी काढताना एकदा जवळून बघण्यासारखी असते. लांब कातडं हवंच असं नाही. हाताच्या पंज्याएवढा गोल तुकडा घेतात, कडेला रापी लावतात आणि तुकडा फिरवत फिरवत आत जातात. रापी जागची हलत नाही, कातडं फिरतं. बघता बघता त्या टिचभर तुकड्यातून हातभर, दोन हात वादी सुटत जाते. मग ती ओली करून ताणायची म्हणजे पीळ जाऊन सरळ होते. तुमच्या मजकुरात फासासाठी पट्ट्या कापायची कृती असेल तर 'वादी काढणे' हेच क्रियापद वापरा. 'कापणे' म्हटलं की फक्त सुरी दिसते, 'काढणे' म्हटलं की कसब दिसतं.

'व्हेजिटेबल टॅन्ड' : 'वनस्पतीजन्य प्रक्रिया केलेले' असलं काही लिहू नका. कातडं कमावतात. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, म्हणून 'हिरडा-बाभळीचं कातडं' म्हटलं की कोल्हापुरात पुढे काही सांगावं लागत नाही. पण तुमच्या मूळ मजकुरातलं कातडं तिकडच्या झाडांच्या सालीत कमावलेलं असणार. तेव्हा 'झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं' हे प्रामाणिक भाषांतर. रासायनिक कमावणीला 'क्रोम' हाच शब्द बाजारात रुळलाय, तो तसाच ठेवा.

आता फास. नुसता 'फास' लिहिला तर माझ्या मनात थोडी अढी राहते. आपल्या भाषेत फास आधी लावतात आणि मग पाखरू त्यात सापडतं. इथे पाखरू आधीच मेलेलं आहे, फास फक्त न्यायच्या सोयीसाठी आहे. म्हणून सरकफास म्हणा. वजन आलं की सरकून आवळतो, पक्षी वर उचलला की सैल होतो. पट्ट्याचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं आणि ते शब्दातच आलंय. 'सुरगाठ' कुणी सुचवेल, पण या वस्तूत बहुधा गाठ नसतेच. वादीच्या एका टोकाला उभी चीर देतात, दुसरं टोक त्या चिरेतून ओवतात, झाला सरकफास. चीर पुढे फाटू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना आधी गोल भोक पाडतात. ही पायरी मजकुरात असेल तर गाळू नका, नाहीतर वाचून करणाऱ्याची वादी पहिल्याच ओझ्याला तुटेल.

सगळ्या वस्तूला मी शिकारपट्टा म्हणेन. शिकार म्हणजे मारण्याची क्रिया आणि मारलेला प्राणीही, 'आज शिकार मिळाली' म्हणतो तसं. 'सावज' इथे चालणार नाही, ते अजून जिवंत असतं. 'पारध'ही नको. त्या शब्दामागे पाठलाग आहे, आणि कोल्हापूरकराला तर संस्थानातले, चित्त्यांकरवी शिकार करणारे चित्तेपारधीच आठवतील.

दुसरा प्रतिसाद

'दावण' कसा वाटतो? एका दोराला ओळीनं अडकवलेली जनावरं. चित्र तेच आहे की.

उत्तर

दादा, शब्द सुरेख काढलात. एकाच दोराला अनेक फास, रचना अगदी तीच. पण दावण जमिनीशी बांधलेली असते आणि तिच्यावरची जनावरं जित्ती, वैरण खाणारी. 'दावणीची बदकं' म्हटलं तर वाचणारा पाळीव बदकं समजेल. मुख्य नाव म्हणून नको. एकदा वर्णनात 'दावणीसारखे ओळीने सरकफास' असं जरूर यावं, गावाकडच्या वाचकाला रचना चटकन कळेल.

पुन्हा प्रश्न

पक्षी मानेने का अडकवतात? आपल्या आठवडी बाजारात कोंबड्या पायाला बांधून उलट्या नेतात. आणि पिशवी का नाही?

उत्तर

बाजारातली कोंबडी जिवंत असते, तिची मान कोण आवळेल? मेलेलं बदक मानेने टांगलं की पंख मिटलेले राहतात, पिसं खालच्या बाजूला बसतात, पाणी निथळतं. पिशवीत पक्षी एकावर एक दाबले जातात, आतली ऊब निघत नाही आणि मांस लवकर खराब होतं. पट्ट्यावर चारी बाजूंनी वारं लागतं.

पट्टा रुंद का, तेही मजकुरात असेल तर नीट येऊ द्या. मॅलार्ड जातीचं बदक किलोच्या वरच भरतं. सहा बदकं म्हणजे सहा-सात किलो, ते बोटभर पट्टीवर घेतलं तर खांदा कापतो. म्हणून पट्टा चारेक सेंटिमीटर रुंद, दोन्ही टोकांना तीन-तीन सरकफास, म्हणजे निम्मं ओझं पुढे आणि निम्मं पाठीवर. ओलं होऊन वाळलं की असं चामडं कडक होतं, त्यामुळे तेल-मेण चोळायची पायरीही महत्त्वाची.

एक आग्रहाची विनंती. प्रसंग परदेशातला आहे तो परदेशातच ठेवा. वाचकाच्या सोयीसाठी तळ्याचं आमचं कोल्हापूरचं कळंबा तळं करू नका, बदकाला थापट्या किंवा हळदीकुंकू ही आपल्याकडच्या बदकांची नावं देऊ नका. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही बंद झाली. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणाऱ्या पाखराला मारणं हा गुन्हा आहे. भाषांतरामुळे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

पुन्हा प्रश्न

सगळं पटलं. एकच शंका : 'वादी' वाचून कोर्टातला वादी आठवणार नाही?

उत्तर

एकवचनात क्षणभर आठवेल, पण लिंग लगेच निवाडा करतं. कोर्टातला तो वादी, अनेक झाले तरी वादीच. चामड्याची ती वादी, आणि तिच्या अनेक वाद्या. पहिल्याच उल्लेखात अनेकवचन आणा : 'पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तीन-तीन वाद्या ओवून घ्या.' पुढे एकटी वादी आली तरी कुणी अडणार नाही.